गाडी आवाज करतेय, पण कधी?

गॅरेजमध्ये गाडी लावली की आपलं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "गाडी आवाज करतेय." मुरलेला मिस्त्री त्यावर लगेच बॉनेट उघडत नाही. तो विचारतो, "कधी?" ब्रेक दाबल्यावर? वळताना? खड्ड्यातून जाताना? सकाळी पहिल्यांदा सेल्फ मारल्यावर, की तासभर चालवून इंजिन तापल्यावर? आपण बहुतेक वेळा गडबडतो, कारण तेवढं लक्ष दिलेलं नसतं. मग तो दोन पार्ट बदलून बघतो, बिल होतं आणि तिसऱ्या दिवशी आवाज परत येतो.

आवाजाला नाव देण्यात मराठी माणूस कमी पडत नाही. खडखड म्हटलं की काहीतरी सैल आहे हे कळतं, करकर म्हटलं की काहीतरी घासतंय, घुंई म्हटलं की काहीतरी गोल फिरतंय. ठकठक आणि टकटक यांत एका अक्षराचा फरक आहे, पण पहिली जड आणि दुसरी हलकी हे कोणालाही सांगावं लागत नाही. हे शब्द गॅरेजमध्ये बेधडक वापरावेत, मिस्त्रीला ते बरोबर समजतात.

आवाज कुठून येतो याबाबत मात्र कान फसतो. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तर पोलादात जवळजवळ 5000 मीटर. गाडीचा सांगाडा पत्र्याचा आणि पोलादाचा, त्यामुळे मागच्या चाकातली घरघर सीटखालून आल्यासारखी वाटते आणि उजवीकडची खटखट डावीकडून. म्हणून "कुठून" याच्या उत्तरावर फार विसंबू नये. "कधी" याचं उत्तर सहसा फसवत नाही, आणि ते गाडी रोज चालवणाऱ्यालाच देता येतं.

इंजिनाचा ताल, चाकाचा ताल

गाडीत फिरणाऱ्या गोष्टींचे मोटामोटी दोन ताल असतात. एक इंजिनाचा, दुसरा चाकांचा. गिअरमुळे हे दोन ताल वेगवेगळे राहतात आणि याचाच फायदा घ्यायचा.

मोकळ्या, सपाट रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये 50 चा वेग धरा. आवाज ऐका. आता तोच 50 चा वेग चौथ्या गिअरमध्ये धरा. चाकं तेवढ्याच वेगाने फिरताहेत, इंजिन मात्र सावकाश झालंय. आवाजही खाली उतरला तर तो इंजिनाचा किंवा इंजिनाला जोडलेल्या कशाचा तरी. आवाज होता तसाच राहिला तर बॉनेटखाली शोधण्यात अर्थ नाही. तो चाक, टायर, बेअरिंग (चाकाला न घासता फिरू देणारी गोळ्यांची कडी), अ‍ॅक्सल (चाकाला ताकद पोचवणारा दांडा) यांच्यापैकी कुणाचा तरी आहे. गाडी जागेवर उभी करून, न्यूट्रलमध्ये अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर तोच आवाज आला, तर मग इंजिन नक्की.

ही दोन मिनिटांची चाचणी आहे, अवजार लागत नाही आणि शंभरातल्या निम्म्या शंका तिथेच गळून पडतात. घाटात उतरताना मात्र न्यूट्रल करून आवाज ऐकण्याचा प्रयोग कधीही करू नका. गिअरमध्ये असताना इंजिन गाडीला जो आवर घालतं तो जातो आणि सगळा भार पायाखालच्या ब्रेकवर येतो.

चाकाजवळचे आवाज

माझ्या गाडीला मागे एकदा साठच्या पुढे एक घुंई सुरू झाली. कराडहून पुण्याला जाताना सिमेंटच्या रस्त्यावर जास्त, डांबरावर थोडी कमी. मी ठरवून टाकलं की टायरचा आवाज आहे. टायर झिजलेही होते. पुढचे दोन बदलले, अलाइनमेंट केली, पैसे गेले. आवाज तिथेच. दोन महिन्यांनी एका वयस्कर मिस्त्रीने शेजारी बसून सांगितलं, "मोकळ्या रस्त्यावर जरा हळूच डावीकडे झोल द्या." डावीकडे झोल दिला की घुंई वाढली, उजवीकडे दिला की जवळपास बंद. तो म्हणाला, "उजवीकडचं पुढचं बेअरिंग गेलंय." तेच निघालं.

यात जादू काही नाही. गाडी डावीकडे वळते तेव्हा तिचं वजन उजवीकडच्या चाकांवर कलतं. उजवीकडचं बेअरिंग खराब असेल तर भार वाढला की ते जास्त ओरडतं. थोडक्यात, ज्या दिशेला वळताना आवाज वाढतो त्याच्या उलट बाजूचं चाक बघायचं. टायरचा आवाज असं करत नाही. तो रस्त्याप्रमाणे बदलतो, डांबर बदललं की सूर बदलतो. मला डांबरावर आवाज कमी वाटला तो याच कारणाने: टायरचा आवाजही त्यात मिसळलेला होता आणि मी दोन्ही एकच समजलो.

खात्री करायची असेल तर गॅरेजवाला गाडी नीट उचलून चाक हाताने फिरवतो आणि दुसऱ्या हाताची बोटं स्प्रिंगवर ठेवतो. चांगलं बेअरिंग फिरताना बोटांना काही जाणवत नाही. खराब असेल तर स्प्रिंगमध्ये बारीक खरखर उतरते. कानाला न ऐकू येणारी खरखर बोटांना कळते.

बेअरिंगचं आयुष्य आपल्याकडे पाणी खातं. पावसाळ्यात फरशी पुलांवरून, छोट्या पुलांवरून चाक अर्धं बुडेल एवढं पाणी असताना गाडी घातली की ते सीलमधून आत शिरू शकतं. आतलं ग्रीस बिघडतं, बारीक गंज धरतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमाराला घुंई सुरू होते. तोवर पावसाळा आपण विसरलेले असतो. हा आवाज महिनोन् महिने हळूहळू वाढतो, म्हणून कान सरावतो. दुर्लक्ष केलं तर चाक डुगडुगायला लागतं आणि बऱ्याच गाड्यांत चाकाचा वेग मोजणारी व्यवस्था बेअरिंगमध्येच असल्याने एबीएसचा, म्हणजे जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवाही लागू शकतो. तिथवर जाऊ देऊ नये.

दुसरा ओळखीचा आवाज: पार्किंगमधून गाडी काढताना स्टेअरिंग पूर्ण वळवून अ‍ॅक्सिलरेटर दिला की येणारी कट्-कट्-कट्. सरळ चालताना काहीच नाही. पुढच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाड्यांमध्ये, म्हणजे आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांमध्ये, हा अ‍ॅक्सलच्या बाहेरच्या जॉइंटचा आवाज असतो. या जॉइंटमध्ये पोलादी गोळ्या आपापल्या खाचांत फिरतात आणि त्याच्यावर नळकांड्यासारखं, घड्या घातलेलं रबरी बूट असतं. मूळ दोष बहुतेक वेळा जॉइंटचा नसतो. आधी ते रबर फाटतं, मग ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला उडतं, मग धूळ आणि पाणी आत जातं, आणि शेवटी कटकट सुरू होते. रबर फाटलंय एवढंच वेळेत दिसलं तर बूट आणि ग्रीस बदलून काम भागतं. कटकट सुरू झाली म्हणजे खर्च जॉइंटवर गेला. म्हणून सर्व्हिसिंगला गाडी उचललेली असेल तेव्हा खाली वाकून दोन्ही अ‍ॅक्सलच्या दोन्ही टोकांचे चारही बूट स्वतः बघावेत, हे मी आग्रहाने सांगतो. चाकाच्या आत काळं ग्रीस शिंपडलेलं दिसलं की समजायचं.

कधी कधी कटकट अगदी साधी असते. छोट्या गाडीच्या टायरचा घेर साधारण 1.8 मीटर असतो. 20 च्या वेगाला गाडी सेकंदाला साडेपाच मीटर जाते, म्हणजे चाक सेकंदात तीन वेळा फिरतं. तेव्हा 20 च्या वेगाला सेकंदाला तीन टकटक मोजता आल्या तर चाकाच्या प्रत्येक फेरीला काहीतरी एकदा जमिनीला लागतंय. टायरमध्ये अडकलेला खडा असेल, किंवा खिळा. खिळा असेल तर तो रस्त्याच्या कडेला उपटू नका, हवा जाईल. पंक्चरवाल्यापर्यंत तसाच न्या.

आणि एक आवाज असा, की ऐकल्या क्षणी गाडी बाजूला घ्यायची: नुकतंच चाक बदललंय, पंक्चर काढलंय, आणि थोड्याच अंतरावर धक-धक-धक सुरू झाली, वेगाबरोबर वाढली, स्टेअरिंग किंवा सीट थरथरायला लागली. चाकाचे नट सैल आहेत. गॅरेजपर्यंत हळूहळू नेऊ असं म्हणायचं नाही. उतरायचं, पाना काढायचा, समोरासमोरचे नट आळीपाळीने आवळायचे. चाक बदलल्यावर पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा एकदा तपासायची सवय यासाठीच असावी.

ब्रेक आधी कुजबुजतात, मग ओरडतात

डिस्क ब्रेकच्या पॅडला नवं असताना साधारण 10 ते 12 मिलिमीटर जाडीचा घर्षणाचा थर असतो. बऱ्याच पॅडला पत्र्याची एक छोटी जीभ मुद्दाम लावलेली असते. थर दोन-तीन मिलिमीटरवर आला की ती जीभ डिस्कला टेकते आणि बारीक, तीव्र चींऽऽ असा आवाज येतो. काही गाड्यांत तो चालताना येतो आणि ब्रेक दाबला की थांबतो, काहींत उलट. हा बिघाड नाही, ही बनवणाऱ्याने ठेवलेली सूचना आहे: पॅड संपत आलेत, बदला. स्वस्तातल्या काही पॅडना ही जीभच नसते, हेही लक्षात ठेवा.

सूचना ऐकली नाही तर पुढचा आवाज खर्रऽऽ असा येतो, जड आणि खरबरीत, पेडलमधून पायाला जाणवणारा. थर संपला, आता मागचा लोखंडी पत्रा डिस्कवर घासतोय. गाडी थांबायला जास्त अंतर लागतं आणि डिस्कवर खोल चरे पडतात. प्रत्येक डिस्कला कमीत कमी किती जाडी चालेल हा आकडा सहसा तिच्यावरच कोरलेला असतो. त्याखाली गेलेली डिस्क घासून गुळगुळीत करणं म्हणजे धोका; ती बदलायचीच. खंबाटकी किंवा कुंभार्ली उतरायची असेल आणि हा आवाज येत असेल, तर घाटाच्या वरच थांबा.

पण ब्रेकचा प्रत्येक आवाज वाईट नसतो. पावसात रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर गंजाची पातळ साय धरते. सकाळी पहिले दोन-चार ब्रेक खरखरतात आणि मग गप्प होतात. कच्च्या रस्त्यावरून आल्यावर अचानक कानठळ्या बसवणारी किंचाळी सुरू झाली तर डिस्क आणि तिच्या मागच्या पत्र्यात खडा अडकलेला असण्याची शक्यता मोठी. गाडी दहा-वीस फूट मागे-पुढे घेतली की तो बहुतेक वेळा पडतो. आणि जोरात ब्रेक मारल्यावर पेडल गुर्रऽऽ करत पायाखाली थडथडलं, तर तो एबीएस आहे, तो आपलं काम करतोय. घाबरून पाय काढू नका. दाबून धरा.

इंजिनाची टकटक आणि ठकठक

या दोन आवाजांतला फरक ओळखता आला तर इंजिन वाचू शकतं, म्हणून इथे जरा थांबून समजून घेऊ.

चार स्ट्रोकच्या इंजिनात खालचा, पिस्टनच्या जोराने फिरणारा क्रँकशाफ्ट दोन वेळा फिरतो तेव्हा वरचा, व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट एकदा फिरतो. गाडी उभी असताना इंजिन मिनिटाला 800 फेऱ्यांवर चालत असेल, तर क्रँक सेकंदाला तेरा वेळा फिरतो आणि कॅम साडेसहा-सात वेळा. एखाद्या व्हॉल्व्हचा टॅपेट (कॅमचा दाब व्हॉल्व्हला पोचवणारा तुकडा) सैल असेल तर तो कॅमच्या तालावर वाजतो: हलका, कोरडा, जवळजवळ मोजता येईल असा टक-टक-टक, इंजिनाच्या वरच्या भागातून. क्रँकजवळचं, पिस्टन आणि क्रँक जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलं असेल तर आवाज दुप्पट ताल धरतो, खालून येतो आणि जड असतो. ठकठक. इंजिनावर भार आला, चढ आला, की तो अधिक दणकट होतो.

टकटक घेऊन गॅरेजपर्यंत जाता येतं. ठकठक घेऊन जाऊ नये. इंजिन बंद करा, टोइंग बोलवा. टोइंगचा खर्च जड वाटतो, पण तुटलेला रॉड इंजिनाचा ब्लॉक फोडून बाहेर येऊ शकतो.

दोन्हींची सुरुवात बऱ्याचदा एकाच ठिकाणी असते: ऑइल कमी होणं किंवा जुनं होणं. टकटक नव्याने सुरू झाली तर सपाट जागी इंजिन बंद करून, दहा मिनिटं थांबून, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी दाखवणारी पट्टी, पुसून बघावी. याला पैसे लागत नाहीत. आणि चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर आवाज येवो न येवो, लगेच बाजूला घेऊन इंजिन बंद.

सकाळच्या थंड इंजिनाची दोन-तीन सेकंदांची टकटक मात्र सहसा चिंतेची नसते. रात्रभरात ऑइल खाली उतरलेलं असतं, ते वर पोहोचेपर्यंत टॅपेट आवाज करतात. क्रँक आणि कॅम यांना जोडणाऱ्या टायमिंग चेनचा ताण धरणारा भागही अनेक इंजिनांत ऑइलच्या दाबावर चालतो, म्हणून सुरू होताना क्षणभर खळ्ळ् होऊ शकते. हीच खळखळ रोज लांबत चालली तर दाखवा. ज्या इंजिनात चेनऐवजी टायमिंग बेल्ट असतो, तिथे मात्र कानावर भिस्त ठेवू नका. बेल्ट बहुधा काही न बोलता तुटतो आणि अनेक इंजिनांत त्यानंतर पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो. तो गाडीच्या पुस्तकात दिलेल्या किलोमीटरला बदलणं एवढाच उपाय.

घाटाचा एक वेगळा आवाज आहे. चढावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात अ‍ॅक्सिलरेटर दाबला की पेट्रोल गाडीतून बांगड्या किणकिणाव्यात तसा आवाज येतो. सिलिंडरमधलं मिश्रण ठिणगीच्या ज्योतीने शिस्तीत जळण्याऐवजी एखाद्या कोपऱ्यात आपोआप भडकतं, त्याचा हा आवाज. पहिला उपाय तिथल्या तिथे: गिअर खाली घ्या, इंजिनाला मोकळं फिरू द्या. आजच्या गाड्यांत हा ठोका ओळखणारा सेन्सर असतो आणि तो ठिणगीची वेळ मागे ओढतो, त्यामुळे किणकिण बऱ्याचदा क्षणात विरते. गिअर खाली घेऊनही ती येत राहिली तर इंधन, प्लग, साठलेला कार्बन, इंजिनाचं तापणं हे सगळं तपासावं लागतं.

बॉनेटखालून सकाळी दमट हवेत येणारी चुईंऽऽ ही इंजिनाच्या बाहेरच्या बेल्टची, टायमिंग बेल्टची नव्हे. ओलावा गेला की थांबली तर ठीक. एसी लावल्यावर वाढत असेल, दिवसभर येत असेल, तर बेल्ट ताठरला, सैल झाला किंवा त्याचा ताण धरणारी पुली गेली. हा बेल्ट तुटला की बॅटरी चार्ज होणं थांबतं आणि बऱ्याच गाड्यांत पाण्याचा पंपही त्याच्यावरच चालत असल्याने इंजिन तापतं. बेल्ट स्वस्त आहे, बदलून टाका.

सेल्फ मारल्यावर इंजिन न फिरता टकटकटकटक अशी झरझर टिकटिक आली तर बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टर्मिनलवर बुरशीसारखा पांढरा थर साचला आहे. एकच ठक् होऊन शांतता पसरली तर स्टार्टरवर, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरवर, संशय घ्यावा.

क्लचचं निदान पायानेच होतं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी, क्लच दाबला की आवाज सुरू आणि सोडला की बंद: क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग. उलट, क्लच सोडलेला असताना घरघर आणि दाबला की शांत: गिअरबॉक्सच्या आतलं बेअरिंग. दुसऱ्याचा खर्च मोठा, म्हणून मिस्त्रीला हे नेमकं सांगा.

खड्डे आणि सायलेन्सर

खड्ड्यांतून हळू जाताना पुढून हलकी खटखट येते ती बऱ्याचदा सस्पेन्शनमधल्या लिंक रॉडची, हा छोटा आणि स्वस्त पार्ट. पण तशीच खटखट चाकाला खालून धरणाऱ्या लोअर आर्मच्या बॉल जॉइंटचीही असू शकते आणि तो सुटला तर चाक आडवं होतं. आवाजावरून दोन्हींत फरक करणं अवघड असतं, म्हणून "खड्ड्यांचे रस्ते, खटखट होणारच" असं म्हणून सोडू नये. त्याआधी डिकीतला जॅक, पाना, सैल झालेली स्टेपनी आणि सीटखालची पाण्याची बाटली तेवढी बघून घ्या.

सायलेन्सरच्या वर उष्णता अडवणारा पातळ पत्रा असतो. त्याचा स्क्रू गंजला की ठराविक वेगालाच डबा वाजल्यासारखा आवाज येतो. क्लॅम्प लावला की संपलं. पण इंजिनाजवळून फटफट येत असेल, थंड असताना जास्त, तर धूर वाटेतच गळतोय. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो गाडीच्या आत येऊ शकतो. काचा उघड्या ठेवून थेट गॅरेजला जा. तोवर एसी लावून गाडीत झोपू नका, मुलांना झोपवू नका.

इंजिन बंद केल्यावरची टिक-टिक म्हणजे तापलेलं लोखंड थंड होताना आकसतंय. पंखा काही वेळ फिरत राहतो तेही ठीक. इलेक्ट्रिक गाडीत इंजिनाचा आवाज नसल्याने टायर आणि बेअरिंग जास्त ऐकू येतात. त्यामुळे तिथली घुंई लवकर पकडता येते.

मिस्त्रीला काय सांगायचं

संशय आला की एकदा काचा खाली करून, रेडिओ आणि एसी बंद करून, एखाद्या लांब भिंतीला लागून सावकाश गाडी न्या. भिंतीवरून आवाज परत येतो आणि आत न ऐकू येणारी गोष्ट स्पष्ट होते. मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण करताना तोंडाने बोला: वेग, गिअर, इंजिन थंड की गरम, रस्ता कसा, गाडीत माणसं किती. नुसता आवाज ऐकून मिस्त्रीला फारसं कळत नाही.

मग गॅरेजमध्ये असं सांगता येतं: "साठच्या पुढे घुंई येते, तिसऱ्या-चौथ्या गिअरला फरक नाही, डावीकडे वळलं की वाढते, पावसाळ्यानंतर सुरू झालीय." एवढं ऐकल्यावर तो थेट उजवीकडचं चाक उचलेल. त्याच्या शेजारी बसून एक चक्कर मारा, जमलं तर स्टेअरिंग त्याच्या हाती द्या आणि आवाज आला की "हा" म्हणा. आणि पार्ट बदलला की जुना हातात घेऊन बघा. गेलेलं बेअरिंग हाताने फिरवलं की त्याची खरखर तुमच्या बोटांनाही कळते.